नासलं की विरजलं?

उत्तर कॅलिफोर्नियातल्या चिको या गावात १९८०-८१ च्या हिवाळ्यात एक तरुण स्वतः बनवलेली बीअर गटारात सोडून देत होता. एकदा नाही, दहा वेळा. तरुणाचं नाव केन ग्रॉसमन. सायकली दुरुस्त करणं, घरगुती बीअरचं सामान विकणं असे उद्योग करून झाले होते. आता नातेवाइकांकडून, मित्रांकडून पैसे उचलून त्यानं पॉल कमूसी या भागीदाराबरोबर भाड्याच्या गोदामात छोटा कारखाना टाकला होता. टाक्या दुग्धशाळांच्या भंगारातल्या. त्या जोडता याव्यात म्हणून ग्रॉसमन वेल्डिंग शिकला होता. नव्या कारखान्याची मुख्य बीअर ठरली होती पेल एल, आणि तिचे दहा घाणे त्यानं वाया घालवले. एक घाणा दहा बॅरलचा, म्हणजे साधारण ११७० लिटर. हिशेब केला, तर आपल्याकडे उन्हाळ्यात गावोगाव फिरणारा पाण्याचा टँकर भरेल एवढी बीअर गेली.

गंमत अशी की ती बीअर खराब नव्हती. विटली नव्हती, आंबली नव्हती. कुणाला ग्लास भरून दिला असता तर त्यानं तो आनंदानं रिकामा केला असता. पण या घाण्याची चव त्या घाण्याला येत नव्हती, आणि ग्रॉसमनच्या डोक्यात जी चव पक्की होती तिच्याशी यातलं काहीच जुळत नव्हतं. जमेपर्यंत त्यानं ओतणं चालू ठेवलं. ज्या घाण्याला जमलं तिथून सिएरा नेवाडा पेल एल बाजारात गेली. अमेरिकेतल्या क्राफ्ट बीअरचा इतिहास तिला वगळून लिहिता येत नाही.

आता अगदी उलटं चित्र पाहा. बेल्जियममध्ये ब्रसेल्स शहराच्या आसपास लँबिक नावाची बीअर बनते. तिला यीस्ट कुणी घालत नाही. थंडीच्या दिवसांत उकळता माल्टचा काढा तांब्याच्या उथळ, पसरट हौदात रात्रभर उघडा ठेवायचा. हवेतून आणि छपराच्या लाकडातून जे जीवजंतू येतील ते येऊ द्यायचे. दुसऱ्या दिवशी काढा ओकच्या पिंपांत भरायचा आणि वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं वाट पाहायची. मधल्या काळात, विशेषतः पहिला उन्हाळा लागला की, काही पिंपांतली बीअर आजारी पडते. नळी घालून काढली तर तिची धार तुटत नाही, एरंडेलासारखी लोंबत राहते. नवशिक्या माणसानं हे पाहिलं तर तो पिंप तिथल्या तिथे उपडं करील. लँबिकवाला मात्र बूच पुन्हा घट्ट बसवतो आणि पुढच्या पिंपाकडे जातो. काही महिन्यांनी तीच बीअर निवळते, पातळ होते आणि आधीपेक्षा जास्त खोल चवीची होते.

म्हणजे एकानं पिण्याजोगी बीअर ओतून दिली, दुसऱ्यानं न पिण्याजोगी सांभाळून ठेवली. दोघांचंही बरोबर होतं. कसं काय? या प्रकरणाचा विषय तोच आहे. ‘अपयशातून शिका’ हे वाक्य आपण शाळेच्या भिंतीवर इतक्या वेळा वाचलेलं असतं की त्यातून काहीच शिकता येत नाही. शिकायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या भिंतीवर लिहिलेलं नसतं. बीअर बनवणाऱ्यांच्या धंद्यात ते लिहिलेलं आहे, आणि तेही चांगलं बारकाव्यानं.

बिघाडाचे शब्द

बीअरकडे जाण्याआधी स्वयंपाकघरात डोकावू. जिवाणूंच्या करामतीला मराठीत किती शब्द आहेत बघा. दूध नासतं, फाटतं. दही लागतं, किंवा लागत नाही. त्याला पाणी सुटतं, तार सुटते, ते आंबट ढाण होतं. वरण विटतं, भात आंबूस होतो, भाजी उतरते, लोणच्याला बुरशी धरते. इडलीचं पीठ ‘आंबलं’ म्हटलं की घरात समाधान असतं. आमटी ‘आंबली’ म्हटलं की ती टाकून द्यावी लागते. शब्द एकच, क्रियाही जवळपास तीच. फरक इतकाच की एक आपल्याला हवं होतं आणि दुसरं नको होतं.

या शब्दांचा खरा उपयोग निदानाचा आहे. ‘दही बिघडलं’ म्हटल्यानं उद्याचं दही सुधारत नाही. ‘दूध फार गरम असताना विरजण घातलं’ किंवा ‘लागल्यावरही भांडं ओट्यावरच राहिलं’ म्हटलं की उद्याचं सुधारतं. बिघाडाला जितकं नेमकं नाव, तितका उपाय जवळ. ज्या कामात चुकीला एकच नाव असतं, ‘फसलं’ एवढंच, तिथे माणूस वर्षानुवर्षं तीच चूक करत राहू शकतो.

बीअरही मूळची स्वयंपाकघरातलीच गोष्ट. कृती सांगायला सोपी आहे. बार्लीला मोड आणून ती वाळवायची, म्हणजे माल्ट झालं. ते भरडून गरम पाण्यात भिजवलं की त्यातल्या पिष्टाची साखर होते. हा गोड काढा गाळून हॉप्सच्या फुलांबरोबर तासभर उकळायचा. हॉप्समुळे कडवटपणा आणि सुगंध येतो. मग काढा थंड करून त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं. त्यातून अल्कोहोल, कार्बन डायऑक्साइड आणि कितीतरी वासांची संयुगं तयार होतात. पाणी, माल्ट, हॉप्स, यीस्ट अशा चार वस्तूंचा हा मामला आहे, आणि तो बिघडण्याचे मार्ग मात्र चाळीसच्या वर आहेत.

दोषांची बाराखडी

बीअर बनवायला शिकणारा माणूस चांगल्या चवींच्याही आधी वाईट वास ओळखायला शिकतो. शिकवण्याची पद्धतही मजेशीर आहे. चांगल्या, निर्दोष बीअरचे पेले भरायचे आणि एकेका पेल्यात एकेका दोषाचं संयुग अगदी मोजून, थेंबभर घालायचं. शेजारी मूळ बीअर ठेवायची. हुंगायचं, चाखायचं, पुन्हा हुंगायचं. या पेल्याचं नाव काय? त्याचं काय? दोष मुद्दाम विकत आणून, पैसे मोजून बीअरमध्ये घालायचा, असा हा अभ्यास. मॉर्टन माइलगार्ड या डॅनिश रसायनतज्ज्ञानं १९७० च्या दशकात बीअरच्या वासांचं आणि चवींचं एक चक्रच आखलं. कुठल्याही देशातल्या चाखणाऱ्यानं एका वासाला एकच नाव द्यावं, हा हेतू. त्या चक्रात गुण आणि दोष शेजारीशेजारी बसलेले आहेत.

एक दोष जरा जवळून पाहू. समजा, तयार बीअरला लोण्याचा वास येतोय, सिनेमागृहातल्या बटर पॉपकॉर्नसारखा. दोषी संयुगाचं नाव डायअॅसिटिल. घरच्या लोण्याला जो वास आपण प्रेमानं हुंगतो त्यातही हेच असतं. ते बीअरमध्ये आलं कुठून? यीस्ट वाढत असताना पेशीतून एक पदार्थ बाहेर पाझरतो आणि त्याचं बाहेरच्या बाहेर डायअॅसिटिल होतं. इथवर सगळं रीतसर आहे, प्रत्येक बीअरमध्ये हे घडतं. पुढे साखर संपत आली की यीस्ट हेच डायअॅसिटिल परत पेशीत ओढून घेतं आणि त्याचं वास नसलेल्या संयुगात रूपांतर करतं. थोडक्यात, यीस्ट स्वतःचा पसारा स्वतः आवरतं. पण बनवणाऱ्यानं घाई केली, आवराआवर व्हायच्या आतच टाकी थंड केली किंवा यीस्ट काढून टाकलं, तर पसारा तसाच राहतो.

म्हणून लोण्याच्या वासाचा अर्थ आहे: तू थांबला नाहीस. उपायही त्यातच आला. आंबण्याच्या शेवटी तापमान दोन-चार अंशांनी वाढवून यीस्टला दोन-तीन दिवस जास्त द्यायचे. काम झालं की नाही, हे तपासायची युक्ती तर घरातही करता येईल इतकी साधी आहे. थोडी बीअर झाकण लावून साधारण ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, मग गार करून हुंगायची. यीस्टनं अजून न आवरलेला माल उष्णतेनं वर येतो. लोणी नाकाला लागलं तर टाकीला हात लावायचा नाही.

बाकीच्या दोषांचीही अशीच भाषांतरं आहेत. उकडलेल्या कणसाचा वास: काढा उकळताना झाकण ठेवलं होतंस. माल्टमधून सुटणारं गंधकाचं एक संयुग वाफेबरोबर निघून जायला हवं होतं, ते झाकणावरून परत आत ठिबकलं. हिरव्या सफरचंदाचा वास: बीअर अजून कोवळी आहे. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास: बाटलीत भरताना हवा शिरली आणि बीअर म्हातारी झाली. जळक्या रबरासारखा, नाक मुरडायला लावणारा वास: बाटली उन्हात राहिली आणि हॉप्समधल्या कडू संयुगांवर प्रकाशाची क्रिया झाली. तपकिरी बाटलीचा रिवाज यासाठीच आहे. व्हिनेगरचा वास: कुठेतरी नीट घासलं गेलेलं नाही. या धंद्यातला कुठलाही जुना माणूस सांगेल की बीअर बनवणाऱ्याचा अर्धा दिवस भांडी घासण्यात जातो.

आता यातली खरी मेख. दालचिनीच्या शेजारी मसाल्याच्या डब्यात लवंग असते, तिचा वास बीअरला आला तर? निवळशंख लागर बीअरमध्ये आला तर घाणा फसला, बाहेरचं यीस्ट घुसलं. पण बव्हेरियात गव्हाची बीअर बनवतात, तिला लवंगेचा आणि पिकल्या केळ्याचा वास आला नाही तर ती फसली. संयुग तेच आहे. दोष संयुगात नसतोच. तो ठरवलेलं आणि झालेलं यांच्यामधल्या अंतरात असतो. ज्यानं आधी काही ठरवलंच नव्हतं, त्याला अपयश येऊच शकत नाही, आणि म्हणूनच त्याला शिकताही येत नाही. ग्रॉसमननं पिण्याजोगी बीअर का ओतली, याचं उत्तर इथे आहे. त्यानं आधी ठरवलं होतं.

नासलेल्या बीअरनं दिलेलं विज्ञान

जंतूंचं आपलं सगळं ज्ञान एका अर्थानं नासलेल्या पिंपांतून आलेलं आहे. १८५६ मध्ये फ्रान्सच्या लील शहरात बीटपासून अल्कोहोल काढणाऱ्या एका कारखानदाराच्या टाक्या आंबट होऊ लागल्या. त्याचा मुलगा लुई पाश्चरच्या वर्गात होता, म्हणून त्यानं पाश्चरला बोलावलं. पाश्चरनं चांगल्या आणि बिघडलेल्या, दोन्ही टाक्यांतले थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरले. चांगल्या टाकीत यीस्टच्या गोल पेशी, बिघडलेल्या टाकीत त्याहून खूप बारीक काड्यांसारखे जीव. बिघाड म्हणजे दुसऱ्याच कुणाचं तरी काम, हे तिथे दिसलं. पुढच्याच वर्षी दूध आंबवणाऱ्या जिवाणूंवरचा त्याचा निबंध आला.

१८७१ मध्ये पाश्चर लंडनच्या व्हिटब्रेड या बड्या बीअर कारखान्यात गेला आणि तिथलं यीस्ट त्यानं तपासलं. त्यात नको असलेले जीव भरपूर होते, हे त्यानं मालकांना तिथेच दाखवलं. आठवडाभरानं तो परत गेला तेव्हा कारखान्यात नवा सूक्ष्मदर्शक येऊन पडला होता. तोवर पिढ्यान्‌पिढ्या ‘यंदा बीअर बिघडली’ असं म्हणत आलेल्या धंद्याला त्या दिवशी बिघाडाचा चेहरा दिसला.

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये ही गोष्ट आणखी एक पायरी वर गेली. मालक जे. सी. याकोबसेन यांनी १८७५ मध्ये कारखान्याला जोडून प्रयोगशाळा काढली होती. काही वर्षांत त्यांच्याच बीअरला कडवट, ओंगळ चव येऊ लागली. एमिल क्रिस्टियान हान्सेन या शास्त्रज्ञानं शोधून काढलं की यावेळी गुन्हेगार जिवाणू नाहीत. यीस्टच्या घोळक्यात भलतंच रानटी यीस्ट मिसळलंय. त्यानं एकेक पेशी वेगळी करून वाढवली, त्यातली कामाची कोणती ते ठरवलं, आणि १८८३ पासून कार्ल्सबर्गची बीअर एकाच पेशीच्या निर्मळ वंशावर बनू लागली. याकोबसेन यांनी हे यीस्ट दडवून न ठेवता मागेल त्या कारखानदाराला दिलं. जगातल्या लागर बीअरवर त्या एका बिघाडाचे उपकार आहेत.

आणि मग नशिबाचा खेळ पाहा. ज्या कार्ल्सबर्गनं रानटी यीस्टला घराबाहेर काढलं, तिथल्याच क्लाउसेन या शास्त्रज्ञानं वीस वर्षांनी, १९०४ मध्ये, जाहीर केलं की इंग्लंडच्या जुन्या, मुरवलेल्या एल बीअरची खास चव एका रानटी यीस्टमुळेच येते. त्यानं त्याचं नाव ठेवलं ब्रेटानोमायसीस, म्हणजे ब्रिटिश बुरशी. बहुतेक कारखान्यांत हे यीस्ट शिरलं तर धावपळ उडते, कारण त्याचा वास चामड्याच्या खोगिराची आठवण करून देतो. पण मघाची ती एरंडेलासारखी लोंबणारी लँबिक आठवते? तिची तार काढणारा पेडिओकॉकस नावाचा जिवाणू असतो. त्याचा चिकट गोंद सावकाश फोडून खाणारं, बीअर पुन्हा पातळ करणारं यीस्ट म्हणजे हेच ब्रेटानोमायसीस. लँबिकवाला बूच लावून निघून जातो तो नशिबावर हवाला ठेवून नव्हे. पिंपात दुसरा कामगार हजर आहे आणि त्याची पाळी अजून यायची आहे, हे त्याला माहीत असतं.

म्हणून ओतायचं की थांबायचं, हा प्रश्न धीराचा किंवा जिद्दीचा नाही. काय घडलंय हे कळण्याचा आहे. घाईनं फसलेल्या कामाला वेळ दिला तर ते सुधारतं. हवा लागून पुठ्ठ्यासारख्या झालेल्या बीअरला कितीही वेळ दिला तरी ती आणखी पुठ्ठाच होते. दोन्ही अपयशं बाहेरून सारखी दिसतात.

तेरा गुणांची माणुसकी

१४ ऑक्टोबर १९७८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली. दारूबंदी उठून पंचेचाळीस वर्षं झाली तरी घरी बीअर बनवणं केंद्रीय कायद्याला मंजूर नव्हतं. ते त्या सहीनं मंजूर झालं. त्या काळी सगळ्या अमेरिकेत बीअरचे शंभराहून कमी कारखाने उरले होते, आणि बहुतेकांची बीअर एकाच फिक्या चवीची होती. आज ही संख्या नऊ हजारांच्या वर आहे. मधल्या काळात काय झालं? हजारो लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये वाईट बीअर बनवली.

वाईट बीअर बनवणं स्वस्त झालं, हे या कायद्याचं सगळ्यात मोठं देणं. वीस लिटरची बादली फसली तर शनिवार गेला आणि थोडं माल्ट गेलं. घर गहाण पडत नाही. स्वस्तात, वारंवार आणि नोंद ठेवून फसण्याची ही सोय ज्या धंद्याला मिळते तिथे चांगले कारागीर तयार होतात. या मंडळींनी आपल्या स्पर्धाही उभ्या केल्या आणि १९८५ पासून परीक्षकांना प्रमाणपत्रं देणारी संस्थाही. तिची गुणपत्रिका पन्नास गुणांची असते. वासाला १२, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५, एकंदर ठशाला १०, आणि रंगरूपाला फक्त ३. परीक्षकानं नुसते आकडे टाकून चालत नाही. काय जाणवलं आणि काय बदलायला हवं, ते लिहावं लागतं. बीअर कितीही टाकाऊ असली तरी १३ च्या खाली गुण न देण्याचा संकेत आहे. बनवणाऱ्यानं पुन्हा यावं म्हणून.

महाराष्ट्रात घरी बीअर बनवायला परवानगी नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून उभा आहे. त्यामुळे आपल्याकडे या नादाचा रस्ता परवानाधारक मायक्रोब्रुअरीतून गेला. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेली ‘डूलाली’ ही राज्यातली पहिली. तिच्या नावात आपलं देवळाली लपलेलं आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत ब्रिटिश शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून असत. उकाडा, रिकामपण आणि तापानं काहींची डोकी फिरत. त्या अवस्थेला त्यांनी नाव दिलं ‘डूलाली टॅप’. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. पुढे इंग्रजीत नुसतं डूलाली म्हणजे वेडा असा अर्थ रुळला. वाट पाहण्यानं आलेल्या वेडाचं नाव, जिथे वाट पाहणं हाच धंदा आहे अशा ठिकाणाच्या पाटीवर चढलं.

दिवाळखोराचं विरजण

आता अमेरिकेतल्या छोट्या बीअर कारखान्यांची ही लाट ज्या कारखान्यापासून सुरू झाली, त्याच्याकडे जाऊ. तो चालला फक्त सहा वर्षं.

जॅक मॅकऑलिफ अमेरिकन नौदलात तंत्रज्ञ होता. स्कॉटलंडमधल्या पाणबुडी तळावर असताना त्याला तिथल्या एल बीअरची चटक लागली. घरी परतल्यावर तसली बीअर मिळेना, तेव्हा त्यानं १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा इथे दोघी भागीदारांबरोबर न्यू अल्बियन नावाचा कारखाना काढला. एवढी छोटी यंत्रं तेव्हा कुणी बनवतच नव्हतं. मग कोका-कोलाच्या सिरपची जुनी पिंपं, दुग्धशाळांचं भंगार असं गोळा करून त्यानं स्वतः सगळं उभारलं. एका घाण्याला दीड बॅरल, म्हणजे पावणेदोनशे लिटर. बीअरचं नाव झालं, लोक दुरून पाहायला येऊ लागले. त्या येणाऱ्यांत चिकोचा केन ग्रॉसमनही होता.

न्यू अल्बियन १९८२ मध्ये बंद पडली. दोषाचं नाव ठेवायचंच तर ते चवीत नव्हतं, मापात होतं. पावणेदोनशे लिटरच्या घाण्यावर पगार आणि भाडं निघत नव्हतं. मोठं व्हायला कर्ज हवं होतं, आणि अमेरिकेत व्याजाचे दर वीस टक्क्यांच्या घरात गेले होते. ग्रॉसमनचा घाणा मॅकऑलिफच्या घाण्याच्या साडेसहापट होता, हे इथे लक्षात घ्यायला हवं. पुढच्याचा पाय अडखळला तो दगड मागच्याला दिसला होता.

इथे थोडं थांबून एक कडू गोष्टही म्हणायला हवी. अपयशाच्या गोष्टी आपण नेहमी ग्रॉसमनच्या बाजूनं ऐकतो, दहाव्यानंतर अकरावा घाणा जमलेल्याच्या. मॅकऑलिफला अकरावा घाणा मिळाला नाही. कारखाना गेला, पैसे गेले, आणि तो कित्येक वर्षं या धंद्यापासून लांब, विस्मरणात राहिला. अपयशाचं फळ अनेकदा दुसऱ्याच्याच ताटात पडतं, आणि ज्याचं अपयश त्याला ते गोड लागेलच असं नाही. हे न सांगता अपयशाचे गोडवे गाणं खोटेपणाचं ठरेल.

पण ते फळ वाया गेलं नाही, हेही खरं. न्यू अल्बियनमध्ये काम करणारा डॉन बार्कली तिथली यंत्रं आणि तिथलं यीस्ट घेऊन हॉपलंड गावात गेला. १९८३ मध्ये तिथे मेंडोसिनो ब्रुइंग कंपनी सुरू झाली. दारूबंदीनंतर कॅलिफोर्नियात जिथली बीअर तिथेच विकणारा हा पहिला अड्डा. १९९७ मध्ये या कंपनीची सूत्रं विजय मल्ल्यांच्या बंगळुरूच्या यूबी समूहाकडे आली. म्हणजे सोनोमाच्या भंगारातल्या पिंपांचा वारसा फिरत फिरत भारतीय मालकाच्या खातेवहीत येऊन बसला होता. २०१८ मध्ये तीही बंद पडली. फसण्याला शेवट नसतो; नुसती मालकी बदलते.

मॅकऑलिफनं एक काम मात्र वेळेवर केलं होतं. आपल्या यीस्टचा नमुना त्यानं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संग्रहात देऊन ठेवला होता. न्यू अल्बियनचं बेवारस झालेलं नाव १९९३ मध्ये बोस्टनच्या जिम कोच या बीअर कारखानदारानं नोंदवून घेतलं, आणि २०१२ मध्ये त्यानं मॅकऑलिफला शोधून बोस्टनला आणलं. जुनी कृती निघाली, संग्रहातलं यीस्ट जागं केलं गेलं, आणि तीस वर्षांपूर्वी मेलेली बीअर पुन्हा आंबली. २०१३ मध्ये ती बाजारात आली. तिचा नफा कोचनं मॅकऑलिफला दिला.

मेच्या सुटीत घराला कुलूप लावून गावी जायचं असलं की दही संपवून टाकायचं असतं, पण विरजण संपवायचं नसतं. ते वाटीत घालून शेजारच्या काकूंकडे दिलं जातं. त्या आपल्या दुधात ते जिवंत ठेवतात आणि महिन्यानं आपण परत आलो की चमचाभर त्यांच्याकडून मागून आणतो. आपलं दही फसलं, पार नासलं, तरी त्यातून बाहेर पडायची वाट शेजारच्या फ्रिजमध्ये असते. मॅकऑलिफचा कारखाना नासला. त्याचं यीस्ट डेव्हिसच्या काकूंकडे होतं.